एकाचें अनेक होतांना

अहमदनगर शहरांत, म्हणजे इ. स. २०२४ पासून ज्याचें अधिकृत नांव अहिल्यानगर झालें आहे त्या शहरांत, दमडी मशीद नांवाची एक लहानशी परंतु मोठी देखणी वास्तु आहे. निजामशाहीच्या अमदानींत, इ. स. १५६७ च्या सुमारास ती उभी राहिली. तिच्याविषयीं एक आख्यायिका लोकांच्या तोंडीं आहे. किल्ल्याच्या कामावर राबणाऱ्या मजुरांनीं आपल्या मजुरींतून प्रत्येकीं एक एक दमडी काढून दिली आणि त्या दमड्यांच्या राशींतून ही मशीद बांधली गेली, असें सांगतात. आख्यायिकेचा खरेखोटेपणा इतिहासकारांनीं ठरवावा. परंतु तिच्यांत एक मर्म आहे. दमडी म्हणजे नाण्यांतील अगदीं क्षुद्र नाणें. एकट्या दमडीला बाजारांत कोणी विचारीत नसे. पण तीच पुन्हां पुन्हां मोजली गेली कीं तिची वास्तु होते. मशिदीच्या दगडांवरील कोरीव कामाचीही गोष्ट तीच आहे. एखादी लहानशी आकृति ठराविक अंतरानें पुन्हां पुन्हां आली आणि ठराविक मर्यादेच्या आंत राहिली, म्हणजे निर्जीव दगडाचें रूप पालटून जातें.

एका आकृतीच्या अनेक आकृती करणें आणि मोकळी जागा नक्षीनें भरून काढणें, हीं दोन कामें मनुष्य फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. दारापुढील रांगोळींत तीं आहेत, पैठणीच्या पदरांत आहेत, जुन्या वाड्याच्या कोरीव तुळईवर आहेत. घर, पूल किंवा यंत्र तयार होण्यापूर्वीं त्याचे जे नकाशे काढावे लागतात, त्यांत तर यांच्यावांचून पाऊलही पुढें पडत नाहीं. हे नकाशे आतां बहुधा कागदावर हातानें काढले जात नाहींत; ते संगणकाच्या पडद्यावर काढले जातात. त्या विद्येला कॅड असें सुटसुटीत नांव पडलें आहे. पुष्कळ घरांतील मुलगा किंवा मुलगी ती शिकत असते, आणि वडीलधाऱ्या माणसांना मात्र पडद्यावर काय चाललें आहे याचा उलगडा होत नाहीं. वरील दोन कामें संगणक कशीं करतो, त्यांत माणसाच्या वांट्याला काय उरतें, आणि जें उरतें त्याचें मोल केवढें आहे, याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

श्रोत्यांनीं प्रथम जुन्या काळची नकाशे काढण्याची एखादी कचेरी डोळ्यांसमोर आणावी. उतरत्या पाठीचें मोठें लांकडी मेज, त्यावर ताणून बसविलेला कागद, टी-स्क्वेअर, गुण्या, रूलिंग पेन आणि चिनी शाईची दौत. आरेखक, म्हणजे ज्याला कचेरींत सर्वजण ड्राफ्ट्समन म्हणत तो, मान खालीं घालून रेषा ओढीत आहे. एखादें फळ सुरीनें मधोमध चिरलें म्हणजे आंतील गर आणि बी दिसूं लागते; त्याप्रमाणें यंत्राचा भाग किंवा घराची भिंत कल्पनेनें कापून तिचें अंतरंग दाखवावें लागतें. त्या चित्राला छेद म्हणतात. जो भाग कापला गेला तो ओळखूं यावा म्हणून त्याचें सर्व पोट तिरप्या समांतर रेषांनीं भरतात. या भरणाला हॅचिंग असें नांव आहे. रेषा सामान्यतः ४५ अंशांत कललेल्या असतात. एकमेकांस लागून असलेले दोन निरनिराळे भाग कापले गेले, तर एकांत रेषा उजवीकडे कलतात आणि दुसऱ्यांत डावीकडे. परंतु एकच भाग कागदावर दोन ठिकाणीं दिसत असेल, तर त्यांतील रेषा दोन्ही ठिकाणीं एकाच दिशेनें व सारख्याच अंतरानें जातात. कॉंक्रीट, माती, दगड, लांकूड यांच्या खुणा पुन्हां वेगवेगळ्या ठरलेल्या आहेत. गवंड्यानें किंवा कारागिरानें नकाशा हातांत घेतला कीं लिहिलेलें वाचण्यापूर्वीं हें भरणच त्याला सांगतें, कीं येथें वीट आहे, येथें कॉंक्रीट आहे, येथें पोकळी आहे. वरवर पाहणाऱ्याला जी सजावट वाटते, ती वस्तुतः एक लिपि आहे.

ही लिपि हातानें लिहिणें मोठें कष्टाचें होतें. दोन रेषांमधील अंतर दोन-तीन मिलिमीटर, आणि तेंही बहुतेक नजरेनेंच राखावयाचें. एका छेदांत अशा शेंकडों रेषा. शेवटच्या दहा रेषांत हात थकून एक रेष जाड झाली, किंवा शाईचा थेंब पडला, तर सगळा दिवस फुकट जाई.

संगणकानें हे कष्ट नाहींसे केले. आतां आरेखक नक्षीच्या यादींतून हवी ती नक्षी निवडतो, बंदिस्त आकृतीच्या पोटांत एका ठिकाणीं बोट ठेवतो, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच सगळें पोट भरून निघतें. हें पाहून वाटतें कीं आतां माणसाला करावयाचें असें कांहीं राहिलेंच नाहीं. परंतु थोडा अनुभव आला कीं पहिलीच अडचण पुढें उभी राहते. यंत्र म्हणतें, भरावयाच्या जागेची हद्द सांपडत नाहीं. डोळ्यांना तर आकृति चारी बाजूंनीं बंद दिसते! मग चित्र मोठें करीत करीत पाहावें, तेव्हां कोठेंतरी दोन रेषांच्या टोकांमध्यें केसाएवढी फट राहिलेली आढळते.

शेतकऱ्याला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाहीं. प्रवरेच्या पाटाचें पाणी वाफ्यांत सोडल्यावर वाफ्याचा वरंबा जर एका ठिकाणीं बोटभर फुटलेला असेल, तर वाफा भरत नाहीं. पाणी दुसरीकडे धांवतें. पाण्याला शेतकऱ्याचा हेतु कळत नाहीं, त्याला केवळ वरंबा कळतो. संगणकाचेंही तसेंच आहे. हातानें रेषा ओढणारा आरेखक ती बारीक फट मनानें बुजवून पुढें जात असे, कारण आकृति कशाची आहे हें त्याला ठाऊक असे. यंत्राला मनानें बुजवितां येत नाहीं. कांहीं कार्यक्रमांत अमुक मापापर्यंतची फट बंद समजावी, अशी आज्ञा देण्याची सोय आहे खरी. पण ती आज्ञाही कोणीतरी विचारपूर्वक द्यावी लागते, नाहींतर मुद्दाम ठेवलेली फटही यंत्र बुजवूनच समजतें.

वाफ्याच्या मधोमध विहीर असली तर तिच्यांत पाणी सोडावयाचें कीं नाहीं, हाही प्रश्न येतोच. नकाशांत भिंतीच्या पोटांत एखादा नळ असतो, किंवा मापाचा आंकडा लिहिलेला असतो. अशा आंतल्या आकृतीला बेट म्हणतात. बेट वगळून भोंवतालचें भरावें, कीं बेटासकट सर्व भरावें, कीं एकाआड एक थर भरावे, हें यंत्राला सांगावें लागतें. सांगितलें नाहीं तर यंत्र आपल्या नेहमींच्या संवयीनें वागतें, आणि पोकळ नळ कागदावर भरीव होऊन बसतो.

यानंतर येतें तें प्रमाण. अनेक प्रचलित नक्षींचीं मापें मुळांत इंचांवर बेतलेलीं आहेत. तीच नक्षी मिलिमीटरांत काढलेल्या नकाशावर जशीच्या तशी घातली, तर रेषा २५.४ पट दाट होतात आणि भिंतीचा छेद काळ्या डागासारखा दिसूं लागतो. उलट प्रमाण भलतेंच मोठें दिलें, तर सबंध भिंतींत एकही रेष पडत नाहीं; नक्षी असते, पण तिच्या दोन रेषांच्या मधल्या अंतरांतच सगळी भिंत बसून जाते. दोन्ही वेळां यंत्रानें सांगितलेलेंच केलेलें असतें.

तिसरी गोष्ट आरंभाची. नक्षी कोठून सुरू करावयाची? चांगल्या गवंड्याला हें पक्कें ठाऊक असतें. समजा, एक खोली १० फूट ४ इंच रुंद आहे आणि फरशा एक-एक फुटाच्या आहेत. एका भिंतीपासून फरशी लावीत गेलें तर दहा फरशा पुऱ्या बसतात आणि दुसऱ्या भिंतीशीं ४ इंचांची चिंधी उरते. खोलींत शिरणाऱ्याची नजर नेमकी त्या चिंधीवर जाते. जाणता गवंडी दोरी लावून खोलीचा मध्य काढतो, मधें नऊ पुऱ्या फरशा बसवितो, आणि उरलेले १६ इंच दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच वांटून देतो. फरशीही तीच आणि खोलीही तीच. पण दुसरी खोली नीटस दिसते. संगणकाला आरंभबिंदु दिला नाहीं, तर तो साऱ्या नकाशाचें जें शून्य असेल तेथून नक्षी मोजूं लागतो. त्या शून्याचा आणि या खोलीच्या भिंतीचा कांहींएक संबंध नसतो.

आतां दुसऱ्या कामाकडे, म्हणजे पुनरावृत्तीकडे वळावयाचें. संगणकाच्या पडद्यावर चित्र काढण्याच्या कल्पनेचा पाया ज्यांनीं घातला, त्यांत आयव्हन सदरलंड यांचें नांव अग्रभागीं आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेंत त्यांनीं इ. स. १९६३ मध्यें ‘स्केचपॅड’ नांवाच्या आपल्या कार्यक्रमावर प्रबंध सादर केला. त्या वेळीं ते पंचविशीच्या आंतबाहेर होते. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवावी आणि रेष ओढावी, अशी त्यांची पद्धति होती. परंतु त्यांतील खरी प्रतिभा वेगळ्याच ठिकाणीं आहे. एक मूळ आकृति काढून ठेवावी आणि चित्रांत हव्या तितक्या ठिकाणीं तिच्या प्रतिकृती मांडाव्या. पुढें मूळ आकृतींत बदल केला कीं तो सर्व प्रतिकृतींत आपोआप व्हावा, ही युक्ति त्यांनीं साधली. षट्कोनाच्या प्रतिकृती एकमेकींना जोडून त्यांनीं मधाच्या पोळ्यासारखी जाळी काढली. मग मूळ षट्कोनाच्या जागीं अर्धवर्तुळाची आकृति ठेवतांच सगळ्या जाळीला माशाच्या खवल्यांचें रूप आलें. इ. स. १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड हा कार्यक्रम बाजारांत आला आणि ही विद्या टेबलावर मावणाऱ्या लहान संगणकांपर्यंत पोहोंचली.

पुनरावृत्तीच्या या आज्ञेला ॲरे म्हणतात. तिचे मुख्य प्रकार तीन. पहिला रांगांचा, दुसरा वर्तुळाचा, तिसरा वाटेचा.

रांगांच्या प्रकाराला नगर जिल्ह्यांत उदाहरण शोधण्यास लांब जावयास नको. राहात्याकडे पेरूच्या बागा आहेत. समजा, ६० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद असें एक चौरस शेत आहे, आणि झाडें सहा-सहा मीटरांवर लावावयाचीं आहेत. किती रोपें लागतील? साठाला सहानें भागून दहा आणि दाही दाही शंभर, असें उत्तर पुष्कळजण देतील. पण पहिलें झाड अगदीं कडेच्या रेषेवर धरलें, तर दहा अंतरांना अकरा झाडें लागतात, आणि रोपें होतात १२१. त्यांतील ४० झाडें थेट बांधावर येतात! बांधावरच्या झाडाची सावली आणि मुळें शेजाऱ्याच्या शेतांत जातात, आणि खेड्यांतील किती भांडणें तेथूनच सुरू होतात, हें सांगावयास नको. कडेला चारी बाजूंनीं तीन-तीन मीटर मोकळें सोडून आरंभ केला, म्हणजे शंभर रोपें बरोबर बसतात आणि बांध मोकळा राहतो. संगणकाला दोन्ही मांडण्या सारख्याच. रांगा किती, ओळी किती आणि अंतर किती, एवढेंच तो विचारतो.

अंतर या शब्दांतही एक खोंच आहे. यंत्र जें अंतर मागतें तें एका वस्तूच्या ठराविक बिंदूपासून दुसरीच्या त्याच बिंदूपर्यंतचें. चार फूट रुंदीच्या खिडक्या असतील आणि दोन खिडक्यांच्या मधें सहा फूट भिंत हवी असेल, तर यंत्राला दहा हा आंकडा द्यावा लागतो. सहा दिला, तर मधें दोनच फूट भिंत उरते. पडद्यावर तीही सुबक दिसते. तिच्यावर भार पडला म्हणजे काय होईल, हें पडदा सांगत नाहीं.

वर्तुळाचा प्रकार पाहावयाचा असेल तर नगरच्या पूर्वेस शहा डोंगराकडे पाहावें. त्या डोंगरावरील उंच वास्तूला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. वास्तु तीन मजल्यांची आणि अष्टकोनी आहे. एक बाजू आंखली, मध्यबिंदूभोंवतीं ती ४५ अंश फिरविली, असें आठ वेळां केलें, कीं अष्टकोन पुरा होतो. येथें मघांच्या बागेहून निराळा हिशेब लागूं पडतो. सरळ कुंपणांत अंतरांपेक्षां खांब एकानें अधिक असतात. पूर्ण वर्तुळांत मात्र जितकीं अंतरें तितकेच खांब, कारण शेवटचें अंतर पहिल्या खांबाशींच येऊन मिळतें. अर्धवर्तुळ पुन्हां कुंपणासारखें: पंख्याला दोन्ही टोकांच्या धरून सात काड्या लावावयाच्या असतील, तर १८० अंशांना सहानें भागावें लागतें आणि दोन काड्यांत ३० अंश येतात. ज्याला हा भेद उमगला नाहीं तो नळाच्या गोल तबकडीवर आठाऐवजीं नऊ भोकें पाडून बसतो. मग दोन भोकांत ४५ अंशांऐवजीं ४० अंश होतात. दुसऱ्या नळाच्या तबकडीशीं एकच भोंक जुळतें आणि बाकीचीं सगळीं चुकतात. लोखंड वायां, वेळ वायां, आणि दोष कोणाचा यावर वाद.

वर्तुळांत फिरवितांना वस्तूचें तोंडही फिरवावयाचें कीं नाहीं, असें यंत्र विचारतें. प्रश्न प्रथम चमत्कारिक वाटतो. पण पाथर्डी तालुक्यांतील मढी येथें कानिफनाथांच्या यात्रेंत आकाशपाळणा फिरत असतांना ज्यानें पाहिला आहे, त्याला तो तत्काळ कळेल. पाळण्याच्या चक्राचे आरे फिरतात तसे त्यांचीं तोंडेंही फिरतात. परंतु टांगलेल्या पेट्या मात्र वरखालीं जातांनाही सरळच राहतात. त्या आऱ्यांप्रमाणें फिरल्या तर आंतील मुलें डोक्यावर पडतील! फुलाच्या पाकळीला आऱ्याचा नियम लावावा, पाळण्याच्या पेटीला पेटीचा. कोणती वस्तु कोणत्या जातीची, हें ओळखणें माणसाकडे आहे.

तिसरा प्रकार वाटेचा. संगमनेरजवळच्या चंदनापुरी घाटासारख्या वळणावळणाच्या रस्त्याच्या कडेनें कठड्याचे दगड बसवावयाचे आहेत, अशी कल्पना करावी. रस्त्याची रेष यंत्राला दाखविली कीं दगड त्या वळणानें ओळीनें उभे राहतात. येथेंही दोन मार्ग आहेत. दगडांची संख्या ठरवून दिली, तर अंतर यंत्र काढतें. अंतर ठरवून दिलें, तर संख्या यंत्र काढतें आणि शेवटीं कांहीं तुकडा उरतो. संख्या खर्चाच्या दृष्टीनें सोयीची, अंतर सुरक्षिततेच्या दृष्टीनें महत्त्वाचें. तीव्र वळणावर दोन दगडांमधून गाडीचें चाक निसटूं नये हा हेतु असेल, तर पैशाकडे पाहून संख्या ठरविणारा मनुष्य चुकला.

या सर्व उदाहरणांतून एकच गोष्ट पुन्हां पुन्हां दिसते. यंत्रानें पुनरावृत्तीचे श्रम घेतले आहेत. पुनरावृत्तीची जबाबदारी घेतलेली नाहीं. किंबहुना ती पूर्वींपेक्षां वाढली आहे. हातानें रेषा ओढणाऱ्याची चूक रेषेपुरती असे. शिवाय एकच खिडकी चाळीस वेळां काढणाऱ्या आरेखकाला पांचव्या-सहाव्या खिडकीपाशीं तरी तिची चौकट अरुंद असल्याची शंका येई. कंटाळा हाच त्याचा पहारेकरी होता. संगणकाला कंटाळा येत नाहीं. म्हणून त्याला शंकाही येत नाहीं. मूळ खिडकींत दोन इंचांची चूक असेल, तर चाळीसही खिडक्यांत ती निष्ठेनें उतरते, आणि सगळ्या एकसारख्या असल्यामुळें पाहणाऱ्याला चित्र निर्दोष भासतें. एकसारखेपणा हा अचूकपणाचा पुरावा नाहीं, ही गोष्ट या विद्येच्या विद्यार्थ्यानें पहिल्या दिवशीं शिकावी अशी आहे. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मूळ आकृतीशीं प्रतिकृतींचा धागा राखून ठेवला असेल, तर एक खिडकी सुधारतांच चाळीस सुधारतात. तोच धागा तोडून टाकला असेल, तर चाळीस ठिकाणीं जाऊन चाळीस वेळां दुरुस्ती करावी लागते, आणि त्यांत एखादी सुटतेच.

कांहीं वृद्ध आरेखक म्हणतात कीं यंत्रानें हाताचें कसब मारलें. त्यांच्या म्हणण्यांतील दुःख खरें आहे. ज्या कसबासाठीं आयुष्य वेंचलें तें एका आज्ञेनें निरुपयोगी व्हावें, हें सोपें नाहीं. पण त्या कसबाचे दोन भाग होते. रेष सरळ ओढणें हा एक, आणि ती कोठें, किती व कां ओढावी हें जाणणें हा दुसरा. पहिला भाग यंत्रानें घेतला. दुसरा अद्याप त्यांच्यापाशींच आहे, आणि आजच्या विद्यार्थ्याला नेमकी त्याचीच उणीव भासते. जुन्या आरेखकाच्या शेजारीं नव्या विद्यार्थ्याला महिनाभर जरी बसविलें, तरी पुष्कळ नुकसान टळेल.

हा दुसरा भाग किती उंचीला जाऊं शकतो, हें पाहण्यासाठीं जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला जावें. अकोले तालुक्यांत, रतनगडाच्या पायथ्याशीं, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे रतनवाडी नांवाचें गांव आहे. तेथें अमृतेश्वराचें काळ्या पाषाणाचें प्राचीन देवालय आहे. त्याचें शिखर भूमिज पद्धतीचें. अशीं शिखरें सिन्नरच्या गोंदेश्वराला आणि अंबरनाथच्या शिवालयालाही आहेत. या पद्धतींत शिखराच्या चार बाजूंना तळापासून वरपर्यंत नक्षीचा एकेक उभा पट्टा जातो. त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेंत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. मोठ्या शिखराचें पोट त्याच्याच लहान प्रतिकृतींनीं भरून काढलेलें असतें! भरण आणि पुनरावृत्ति हीं दोन्ही कामें येथें एक झालीं आहेत.

आणि त्यांत एक विशेष आहे. या ओळी वर जातां जातां लहान होत जातात, कारण शिखर निमुळतें आहे आणि त्याची कड सरळ नसून हलक्या वळणानें आंत वळते. यंत्राची साधी आज्ञा सारख्या मापाच्या प्रतिकृती काढते. त्या तशाच एकावर एक रचल्या, तर वरच्या ओळी शिखराच्या बाहेर पडतील. प्रत्येक ओळ किती घटवावी, म्हणजे ती त्या वळणांत नेमकी बसेल आणि खालून पाहणाऱ्याला चढण अखंड वाटेल, हा हिशेब कोणा स्थपतीनें केला. दगड एकदां छिन्नीखालीं गेला कीं माघारीं येत नाहीं. म्हणून हे लोक आधीं आंखून घेत. मध्यप्रदेशांत भोजपूर येथें भोजराजाच्या काळचें, अकराव्या शतकांतील, एक अपुरें राहिलेलें शिवालय आहे. त्याच्या आसपासच्या खडकांवर देवालयाच्या निरनिराळ्या भागांचीं रेखाचित्रें कोरलेलीं आजही दिसतात. खडक हाच त्यांचा कागद होता. ज्यानें तेथें एक रेष चुकीची कोरली असेल, त्याला ती पुसतां आली नसेल. चूक पुसतां येत नाहीं, या जाणिवेनेंच त्यांची नजर इतकी तीक्ष्ण झाली असावी.

आजच्या आरेखकाला चूक एका बोटानें पुसतां येते, हें त्याचें भाग्य आहे. परंतु पडद्यावरून नकाशा एकदां गवंड्याच्या, लोहाराच्या किंवा माळ्याच्या हातीं गेला, कीं पुसण्याची सोय संपते. तेथून पुढें सर्व दगडांत, लोखंडांत आणि मातींत घडावयाचें असतें. म्हणून आज्ञा देण्यापूर्वीं त्यानें चार प्रश्न स्वतःला विचारावे. मूळ आकृति निर्दोष आहे काय? हद्द पुरी बंद आहे काय? अंतर कोठून कोठपर्यंत मोजलें आहे? आणि आरंभ कोठून केला आहे?

हे प्रश्न नवीन नाहींत. सणाच्या पहांटे अंगण सारवून ठिपक्यांची रांगोळी काढावयास बसलेली गृहिणी हेंच करते. ती प्रथम जागेचा अंदाज घेते, मधला ठिपका ठरवते, दोन बोटांच्या अंतरानें ओळी टाकते, आणि ओळींतील ठिपके पुन्हां एकदां मोजून मगच पहिली रेष ओढते. एक ठिपका कमी पडला तर कमळाची एक पाकळी मिटत नाहीं, हें तिला ठाऊक असतें. तिच्या शेजारीं बसून ठिपके मोजावयास शिकलेली मुलगी उद्यां संगणकापुढें बसली, तर यंत्राला काय सांगावयाचें याचें निम्में शिक्षण ती घरूनच घेऊन आलेली असेल.